ओल्या वेण्या

माझ्या निवडक रहस्यकथांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा प्रकाशकांनी एकच अट घातली. विहिरीची कथा त्यात हवी.

"लोक अजून विचारतात हो तिच्याबद्दल," ते फोनवर म्हणाले.

"बघते," मी म्हणाले.

"बघते काय? पुस्तकाला नावच तिचं देतोय आपण."

मी पुन्हा 'बघते' म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं खोटं सांगून फोन ठेवला.

ती कथा मी माझ्या मैत्रिणीविरुद्ध लिहिली होती. हे वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. मी मुळात कमी बोलणारी. राग आला तर भांडी घासते आणि फारच आला तर लिहिते. पण आता कथा पुस्तकात घालायची म्हणजे तिला विचारायला हवं होतं, आणि विचारायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं. उरलीसुरली मैत्री त्यात टिकेल की जाईल, याचा काही अंदाज येत नव्हता.

आम्ही दोघी पंचवटीतल्या, एकाच गल्लीतल्या. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला अख्खी गल्ली लोटायची. मी आईचा पदर धरून लांबून बघायचे, ही कठड्यावर पोट टेकून वाकायची. पुढे नदी निवळली की भावांच्या मागे लागून पोहायला उतरायची, आणि मी घाटावर तिच्या चपला सांभाळत बसायचे. ती पाण्याखाली गेली की वर येईपर्यंत माझ्या डोक्यात तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळायला लागायची. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुणी काय पाहिलं, शेवटची हाक कुणी ऐकली. तेवढ्यात ती फुरफुरत वर यायची आणि माझ्या अंगावर पाणी उडवायची. माझं लिहिणं तिथे सुरू झालं, असं मला हल्ली वाटतं.

तिचं लग्न निफाडकडच्या द्राक्षबागाईतदारांच्या घरात झालं. मी इंदिरानगरला आले, शाळेत भूगोल शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहू लागले. दोघींना मुली झाल्या, थोड्याच अंतराने. आणि मग, एकमेकींना लहानपणापासून ओळखणाऱ्या आम्हाला कळलं की आपण एकमेकींना बाई म्हणून ओळखतो, आई म्हणून ओळखतच नाही.

माझी मुलगी नजरेआड गेली की माझं डोकं कथा रचायला लागायचं. ती जिन्यावर दिसली की मला ती खाली पडलेली दिसायची. म्हणून तिला टोपी, मोजे, उकळलेल्या पाण्याची बाटली, आणि कुठेही जायचं तर सोबत मी. मैत्रिणीची मुलगी अनवाणी. बांधावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, चिंचेच्या झाडावरून. जेवायच्या वेळी हाक मारायची, आली तर आली.

"पडली म्हणजे?" मी विचारायचे.

"पडली तर उठेल."

"आणि नाही उठली?"

"तर बोंब मारेल. तोंड आहे ना तिला! अगं, पोरगी आहे का उत्तरपत्रिका? सारखी तपासत असतेस ती."

यावर तिच्या सासूबाई ओट्यावरून खो खो हसायच्या. मीही हसायचे. पण रात्री अंथरुणात ते उत्तरपत्रिकेचं वाक्य मला टोचत राहायचं, आणि सकाळी मुलीच्या मोज्यांची घडी मी जरा जास्तच जोरात घालायचे.

दर मे महिन्यात मी मुलीला घेऊन आठ-पंधरा दिवस तिच्याकडे राहायला जायचे. दिवाळी अंकाच्या संपादकांचे फोन पावसाळा लागता लागता सुरू होतात, त्याआधी निदान एक कथा हातात असावी म्हणून मी तिथे लिहायला बसायचे. वरच्या मजल्यावरची कूलरची खोली ती मला द्यायची. "तू लिही गं बाई निवांत. पोरी माझ्याकडे." माझ्या सूचना ठरलेल्या होत्या. बागेत औषध मारलं असेल तर नको, उन्हात नको, विहिरीकडे तर मुळीच नको. ती सगळ्यावर "बरं" म्हणायची. दुपारभर मी माणसं मारत बसायचे, आणि चहाच्या वेळी खाली आले की दोन्ही मुली ओट्यावर ताटली घेऊन बसलेल्या असायच्या. माझ्या मुलीच्या वेण्या मैत्रिणीने नव्याने, घट्ट, वर बांधून घातलेल्या असायच्या. मला ते आवडायचं. वाटायचं, शिस्त नाही, पण निदान वेण्या तरी घालते.

एका मेमध्ये तिची मुलगी दुपारी सापडेना. मी चहाला खाली आले तर माझी मुलगी एकटीच. "ती कुठेय?" "माहीत नाही." मैत्रीण भजी तळत होती. "असेल कुठेतरी." मी गोठ्यात पाहिलं, मांडवाखाली पाहिलं, मजुरांच्या झोपड्यांकडे पाहिलं, आणि मग मी विहिरीवर गेले. पायऱ्यांची जुनी विहीर. पाणी हिरवट, स्थिर. मी वाकून बघत होते, आणि डोक्यात वाक्यं जुळायला लागली होती, अगदी घाटावर जुळायची तशी. मागून मैत्रीण झारा हातात घेऊनच आली.

"विहिरीत काय बघतेस? ती बुडायची नाही."

पोरगी द्राक्षांच्या रिकाम्या कॅरेटच्या थप्पीमागे पोतं पांघरून झोपलेली सापडली. सगळे हसले. मैत्रीण मला म्हणाली, "घे, तुझी बॉडी मिळाली." सासूबाई पुन्हा खो खो.

तोंडावर भांडण करण्याची माझी हिंमत नव्हती. मी घरी येऊन कथा लिहिली.

कथेत एक बिनधास्त आई आहे, तिला सगळं हसण्यावारी न्यायची सवय. मे महिन्यात तिच्याकडे पाहुणी येते, तिची मुलगी घेऊन. एका दुपारी बिनधास्त आईची मुलगी विहिरीत सापडते. संशय मजुरावर जातो. शेवटी घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या लक्षात येतं की पाहुण्या मुलीचा फ्रॉक कोरडा आहे पण वेण्या आतून ओल्या आहेत. म्हणजे तीही पाण्यात होती, भीतीने गप्प राहिली, कोरडा फ्रॉक घालून ओट्यावर येऊन बसली. कुणाचा गुन्हा नाही. गुन्हा असलाच तर त्या आईचा, जिने दोघींना वाऱ्यावर सोडलं. शेवटच्या परिच्छेदात ती आई विहिरीच्या काठावर हाका मारत बसते. तो परिच्छेद लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. वाद मी जिंकला होता. जिंकणारच, समोरची बोलू शकत नव्हती आणि शेवट माझ्या हातात होता.

कथा गाजली. अनोळखी वाचकांचे फोन आले. तिचा आला नाही. दिवाळीनंतर भेटलो तेव्हा तिने चकल्या दिल्या, कथेबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुढच्या मे महिन्यात म्हणाली, "यंदा घराला रंग काढलाय, पसारा आहे." त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही. कुणीतरी सांगितलं की त्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतली. मी मनात धरलं की सासूबाईंनी अंक वाचला असणार, घरात कथेचा पुरावा झाला असणार: बघ, तुझ्या मैत्रिणीनंच लिहिलंय तुझ्याबद्दल. तिला बोलणी बसली असणार. माझ्यामुळे.

मग एका लग्नात तिची मुलगी भेटली. तेरा-चौदा वर्षांची झाली होती, पायात सँडल, हातात आईचा रुमाल. जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्या कथेत मी मेले ना?"

"अगं, कथा असते ती," मी म्हणाले आणि तिला बळेच जिलबी वाढायला घेतली.

ती जिलबी तिने खाल्ली की नाही, मला आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र मी रोज कुठे ना कुठे ऐकत आले. आम्हा दोघींचं येणं-जाणं राहिलं, हळदीकुंकू, बारशी, आजारपणं. पण पूर्वी ती माझ्या घरात शिरली की थेट फ्रीज उघडायची, ती आता सोफ्यावर बसून पाणी मागायची.

तर प्रकाशकांच्या फोननंतर मार्चअखेरीला मी निफाडला गेले. हंगाम संपत आला होता. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर कुटुंबं परतीच्या तयारीत होती, अंगणात त्यांची बोचकी पडली होती. मैत्रीण मागच्या पडवीत बेदाणे निवडत होती. सासूबाई आता खूप थकल्या आहेत, त्या ओट्यावरच बाजेवर होत्या, कान मात्र शाबूत. मी बसले, एक ताट पुढ्यात ओढलं आणि बेदाण्यांचे देठ काढत काढत सगळं सांगितलं. प्रकाशकांचं, कथेचं. आणि मग ते वाक्यही म्हणाले.

"ती मी तुझ्याविरुद्ध लिहिली होती. तू चूक ठरावीस म्हणून."

तिने मान वर केली नाही. "मला माहिती आहे की."

"तुला सासूबाईंनी बोलून घेतलं असेल तेव्हा..."

"आईंनी? आई काही बोलल्या नाहीत. जाळी मी टाकली. माझ्या पोरीचं पोहणं मी बंद केलं. तुझ्या पोरीचंही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझ्या पोरीचं काय?"

आता तिने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या हातातले बेदाणे तसेच राहिले.

"तुला माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"अगं, मी शिकवायचे तिला. विहिरीत. तू वर लिहीत बसायचीस तेव्हा. पाठीला रिकामा डबा बांधून, कमरेला दोर. दोन मे महिने. चांगली पोहायला लागली होती." मग आवाज उतरला. "तू कथेत वेण्या लिहिल्यास. आतून ओल्या. मी वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. म्हटलं, हिला कळलंय. तोंडाने विचारलं असतंस तर पाय धरले असते गं मी. पण तू छापलंस."

"मला खरंच माहीत नव्हतं."

"मग वेण्या कुठून आल्या?"

आणि बेदाण्याच्या ताटावर माझा हात थांबला, कारण हाताला आठवलं. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी. मुलगी माझ्या पुढ्यात बसलेली, मी तिच्या रिबिनी सोडते आहे, वरचे केस कोरडे, पण वेणी उलगडत आत गेलं की बोटांना गारवा लागतो. "एवढा घाम?" मी विचारते. "हो," ती म्हणते. मी टॉवेलने पुसते आणि माझ्या कथेतल्या खुन्याकडे परत जाते. रोज. माणसांच्या खोटं बोलण्यावर पोट भरणारी मी, पोटच्या पोरीचं खोटं माझ्या बोटांना लागलं आणि डोक्यापर्यंत पोचलं नाही. कागदावर मात्र उतरलं.

मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती आधी हसायला लागली. इतकी हसली की ताट कलंडलं. मग हसता हसताच तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला तोंड दाखवायला लाजत होते, आणि तुला काही माहीतच नव्हतं? मला वाटायचं तू मला शिक्षा करतेयस. वाटायचं, बरोबरच आहे हिचं. हिची पोर, हिला न विचारता मी विहिरीत उतरवली. दोर बांधला होता म्हणून काय झालं? पण तेवढंच असतं ना, तर पुढच्या वर्षी माझ्या पोरीला मी पुन्हा सोडलं असतं. तसं झालं नाही. तुझी कथा चांगली होती गं मेले. ती वाचल्यापासून पोर दिसेनाशी झाली की मला ती विहीरच दिसायची. तुझ्यासारखी झाले मी."

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "मी तवाच म्हनले व्हते, जाऊन इचार तिला. गोष्ट हाय ती. गोष्टीला कोन भितं का?"

"तुम्ही झोपा हो आई."

"झोपतेच हाय. पोहनारी पोर बुडत नाय, लय तर दमती. पन ऐकतं कोन."

मैत्रीण बराच वेळ बेदाणे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "माझी आता हौदाच्या काठालासुद्धा जात नाही. तू मला घाबरवलंस आणि मी तिला. कथा छापायची की नाही ते तू ठरव. मला विचारू नकोस. पण आधी तुझ्या पोरीला पोहताना बघून ये एकदा. तेवढं कर."

रागावले का मी तिच्यावर? रागावले. परतीच्या वाटेवर निफाडपासून घरापर्यंत रागावलेलीच होते. माझी परवानगी न घेता माझ्या मुलीचा जीव दोराला बांधला तिने. तो राग खरा होता आणि आजही पूर्ण गेलेला नाही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. तेच मी तिच्या मुलीचं केलं होतं, कथेतल्या विहिरीत, तिला न विचारता, आणि मी तर दोरही बांधला नव्हता.

मुलगी पुण्याला नोकरी करते. एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा मी भाजी चिरता चिरता विचारलं, "तुला पोहता येतं?"

तिने मोबाइल खाली ठेवला. "मावशीने सांगितलं?"

"हो."

"ओरडणार आहेस?"

"नाही. बघायचंय."

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर बायकांच्या बॅचला आम्ही गेलो. तिने परस्पर मैत्रिणीच्या मुलीलाही बोलावून घेतलं होतं. दोघी एकमेकींशी बोलत होत्या हे मला ठाऊक होतं, पण किती ते त्या दिवशी कळलं. मैत्रिणीची मुलगी साध्या सलवार-कमीजमध्ये आली होती. "मी बसते मावशी तुमच्यापाशी," म्हणाली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. माझ्या मुलीच्या चपला तिने उचलून आपल्या मांडीजवळ नीट ठेवल्या. त्या चपलांकडे मला बघवेना.

मुलगी पाण्यात उतरली आणि पोहायला लागली. हात-पाय छान चालत होते. डोकं मात्र पूर्ण वर, मान ताठ, हनुवटी पाण्याबाहेर. तलावावरच्या शिकवणाऱ्या बाई काठाकाठाने तिच्यासोबत चालत ओरडत होत्या, "डोकं आत घाला ताई! मान दुखेल! डोकं पाण्यात!" ती हसून मान हलवत होती आणि तशीच पोहत होती.

"असंच पोहते ती," शेजारची मुलगी म्हणाली. "आई आम्हाला तसंच शिकवायची. केस भिजले की तुम्हाला कळेल म्हणून. माझेही वर बांधायची, एकट्या तिचेच कसे बांधणार?"

माझी मुलगी माझ्यासाठी डोकं वर धरून पोहायला शिकली होती, आणि आता तिला दुसरं जमत नव्हतं.

समोरच्या काठाला हात टेकून मुलीने हाक मारली. मला नाही, शेजारच्या मुलीला. "ये ना गं. पायरीपर्यंत तरी."

शेजारची मुलगी हलली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. विचारत होती, की मी काय म्हणते. माझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली होती, सवयीने, तिच्या आईला फोनवर काय सांगायचं त्याची. ती थांबवता येत नाहीत, एवढं मला या वयात समजलं आहे. ती चालू असतानाच मी म्हणाले, "जा. चपला मी बघते."

ती उठली. कमीज सावरत पहिली पायरी, दुसरी. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर तिने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच उभी राहिली. त्यापुढे गेली नाही. बॅच संपेपर्यंत तशीच उभी होती, आणि माझी मुलगी तिच्या भोवती डोकं वर धरून गोल गोल पोहत होती. मी दोघींच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

घरी आल्यावर प्रकाशकांना कळवलं की विहिरीची कथा काढा. ते चिडले. पुस्तकाचं नाव, मुखपृष्ठ, सगळं अडलं. मी म्हटलं, त्या कथेतलं रहस्य मला स्वतःलाच सुटलेलं नव्हतं. त्या जागी दुसरं काही लिहून देते. ते हे.

छापायला देण्याआधी, या वेळी, मी ते मैत्रिणीला वाचून दाखवलं. पडवीतच, बेदाण्याच्या ताटाशी. ती देठ काढत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "दोर नायलॉनचा होता, ते लिही. सुंभाचा समजेल कुणी, तो कुजतो. आणि तुझी पोर पहिल्या दिवशी पाण्यात उतरली तेव्हा रडेल वाटलं होतं मला. हसली. इतकी हसली की तुला वर ऐकू जाईल म्हणून मी तिच्या तोंडावर हात धरला. तेवढं घाल त्यात."

घातलं.